सिस्टरचं शोभेचं संत्रं

आमच्या गल्लीत मोठ्यानं शिंकायची सोय नव्हती. शिंक आली की समोरच्या घरातून आवाज यायचा, "कोणाची होती?" आणि पाठोपाठ सिस्टर दारात उभ्या. हाताची उलटी बाजू कपाळावर, दोन बोटं मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग निकाल लागायचा.

"ताप न्हाई. नाटक हाय. कामावर जा."

त्यांचं नाव सुलोचना. पण बदनापुरात त्यांना त्या नावानं हाक मारू शकणारं एकच माणूस होतं, त्यांचे यजमान अण्णा, आणि तेही चारचौघांत सिस्टरच म्हणायचे. आष्टीच्या बाजूला पहिली नेमणूक झाली तेव्हापासून निवृत्तीपर्यंत बाईंनी जिल्ह्यातल्या किती बायकांची बाळंतपणं केली याचा हिशोब नव्हता. रेल्वे स्टेशनवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत मिशा फुटलेले बाप्ये पुढं येऊन वाकून नमस्कार करायचे. सिस्टर त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणायच्या, "तू पायाळू. लई तरास दिल्ता तू." तो माणूस बिचारा बायकोसमोर ओशाळून उभा राहायचा.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म खिडकीत बसून मायकवर गाड्या पुकारण्यात गेला. घरात त्यांच्या वाट्याला बोलणं फार थोडं येई, पण जे येई ते त्याच आवाजात. मी त्यांच्याकडे गेलो की खुर्चीतून न उठता ते सांगायचे, "चहा तयार होत आहे. चहा घेणाऱ्यांनी हात धुऊन घ्यावेत." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटे. ती चेष्टा नव्हती.

तर या सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशीची गोष्ट. मी जालन्याहून ऑफिस सुटल्यावर घरी आलो तर त्यांच्या दारात रिक्षा उभी. आतून आधी एक कुंडी उतरली, मग सिस्टर. कुंडीत गुडघ्याएवढं झाड, त्याला लाल रिबीन, आणि फांद्यांना सुपारीपेक्षा थोडी मोठी अशी गर्द नारिंगी फळं.

"मिक्सर देतील असं वाटल्तं," त्या रिक्षावाल्याला सांगत होत्या. "दवाखान्यातल्या पोरींनी वर्गणी काढून हे आणलं. शोभेचं संत्रं म्हणे. खायचं न्हाई, नुसतं बघायचं."

ज्या मुलखात बांधाबांधावर मोसंबी उभी आहे तिथं बघायचं संत्रं म्हणजे कमालच. त्यातून सिस्टरचं सासर वडीगोद्रीचं. धाकटे दीर नामदेवराव यांची तिथं हमरस्त्यालगत मोसंबीची मोठी बाग. असल्या घरात हे बाहुलीएवढं झाड आलं. सिस्टरनी ते ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि तिकडे पाठ फिरवली.

आठवड्याच्या आत झाडानं माना टाकल्या. तिथंच झाडाचं नशीब उघडलं. कुणी धडधाकट असलं तर सिस्टरना त्यात रस नसे. मान टाकलेली दिसली की त्यांच्या अंगात नोकरी संचारायची. त्यांनी पदर खोचला, कुंडीतल्या मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कोरडी. आतून ठणठणीत कोरडी. अण्णा, पाणी आणा. थंड नको, माठातलं नको. साधं."

तेव्हापासून ओट्याचा वॉर्ड झाला. रोज सकाळी बोट मातीत जायचं. ओल लागली तर पाणी नाही, मग झाड कितीही दीनवाणं दिसो. कोरडं लागलं तर मगानं, कडेकडेनं, खालच्या भोकातून थेंब बाहेर येईपर्यंत. बुंध्यावर पाणी पडलेलं त्यांना खपत नसे. "माणसाच्या नरड्यात वतता का तुमी? घोट घोट देता ना?" गल्लीतली एक सून एकदा चांगुलपणानं शुद्ध पाण्याच्या मशीनचं वाया जाणारं पाणी झाडाला घालून गेली. थोड्या दिवसांनी पानांच्या कडा करपल्या. सिस्टरनी पान उजेडात धरलं, जिभेला लावलं आणि गल्लीच्या मध्ये उभं राहून विचारलं, "ह्याला मीठ कोणी चढवलं?" सून माहेरी गेली. तिचं जायचं आधीच ठरलेलं होतं, पण त्या दिवशी ती दुपारच्याऐवजी सकाळच्या गाडीनं गेली.

उन्हाळ्यात बदनापूरचं पाणी म्हणजे टँकरची वाट बघणं. त्यात सिस्टरना जालन्याला एका लग्नाला जायचं होतं, आणि अण्णांच्या हाती पाण्याचा मग द्यायला त्यांचा जीव होईना. अण्णा पाणी घालायचे ते गाडी पुकारल्यासारखं, एकदाच आणि सगळ्यांना मिळून. सिस्टरनी कुठून तरी सलाईनची रिकामी बाटली आणि नळी मिळवली. कपडे वाळवायच्या बांबूला बाटली उलटी टांगली, नळीचं टोक मातीत खोचलं आणि चाक फिरवून थेंब लावला.

मी ऑफिसला निघालो होतो. झाडाला सलाईन लावलेलं बघून थांबलो.

"सीरियस आहे का?" मी विचारलं.

"स्टेबल हाय," सिस्टर म्हणाल्या. "गर्दी करू नका."

दिवसभरात गल्ली लोटली. म्हाताऱ्या बायका येऊन हळू आवाजात विचारपूस करत होत्या. एकीनं तर येताना दोन केळी आणली, मोकळ्या हातानं कसं यायचं म्हणून. अण्णा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि येणाऱ्याला सांगत होते, "रुग्णाची प्रकृती समाधानकारक आहे. कृपया नळीला हात लावू नये."

पावसाळ्यात वेगळा तमाशा. आमच्याकडे पाऊस येतो तेव्हा कुणी तक्रार करत नाही, पण झड लागली आणि सूर्य दिसेनासा झाला की सिस्टरचा चेहरा उतरायचा. "उन्हाळ्यात झाड तहानेनं मरतं ते दिसतं तरी. पावसाळ्यात मुळं कुजून मरतं, वरून हिरवंगार." कुंडी हलवायची म्हटलं तर तोपर्यंत झाड कमरेपर्यंत आलेलं, आणि सिस्टरनी ते मोठ्या सिमेंटच्या कुंडीत बसवलेलं. ती दोघांना हलत नसे. मग अण्णांची काळी छत्री झाडावर बांधण्यात आली. ती बांधून होईपर्यंत अण्णा बिनछत्रीचे पावसात उभे. मी माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली तर म्हणाले, "आपण कशाला भिजता. ही गाडी रोजचीच आहे."

हिवाळ्यात फळं पिकायची. झाड मात्र खरोखर बघण्यासारखं व्हायचं, दिवाळीत कुणी बारके आकाशकंदील टांगावेत तसं. पण सिस्टरना नुसतं बघणं ठाऊक नव्हतं. त्या फळं उतरवायच्या आणि सरबत करायच्या. ते इतकं आंबट असायचं की पहिल्या घोटाला उजवा डोळा आपोआप मिटे आणि दुसऱ्याला डावा. त्या समोर उभ्या राहून ग्लास रिकामा होईपर्यंत बघत. त्या दिवसांत पोस्टमन त्यांचं टपाल आमच्या दारात टाकून जायचा.

या सरबताला तोंडावर नाव ठेवणारा एकच माणूस होता, नामदेवराव. अंगानं धिप्पाड, पांढरा शर्ट, बोलणं बागेच्या ह्या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं. मोसंबीची पिशवी घेऊन यायचे आणि येताच झाडासमोर उकिडवे बसायचे.

"वैनी, ह्ये झाड तुमी लाडावून ठेवलंय. रोज हात लावता, रोज पाजता. ह्याला काय पडलीय फळ द्यायची? ताण द्या ताण."

ताण म्हणजे मोसंबीवाल्यांचं शास्त्र. थंडीत बागेचं पाणी तोडायचं. झाड सुकतं, पानं पिवळी पडून गळतात. मग पाणी सोडलं की झाड घाबरून भरभरून फुलतं. नामदेवरावांचा या शास्त्रावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

"भाऊजी," सिस्टर म्हणायच्या, "उपाशी आमी पेशंटला ठेवतो ते ऑपरेशनच्या आधी. फुलं यावी म्हणून न्हाई."

"तुमचं माणसाचं शास्त्र हाय, माझं झाडाचं."

"आणि हे झाड माझं हाय."

यावर अण्णा चहा पुकारायचे.

एका थंडीत सिस्टरना लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला जावं लागलं. जायच्या आधी त्यांनी अण्णांचं बोट धरून मातीत खुपसून घेतलं, ओलं कसं लागतं, कोरडं कसं लागतं ते दाखवलं, आणि परत परत घोकून घेतलं. अण्णांनी मनापासून ऐकलं. अडचण एवढीच होती की अण्णांचा स्वभाव समोर जो उभा असेल त्याचं ऐकायचा. सिस्टर गेल्या आणि दोनच दिवसांत नामदेवराव समोर येऊन उभे राहिले.

"दादा, आता संधी हाय. पाणी तोड."

"पण ती म्हणाली..."

"वैनीला मी बघतो. बागेला महिना महिना ताण देऊन राह्यलो मी, माझं झाड मेलं का कधी? पान गळाय लागलं की समजायचं तयार झालं. मंग पाणी सोड आन् बहार बघ. वैनी आल्यावर खूश व्हतील."

अण्णांनी पाणी तोडलं. संध्याकाळी नाशिकहून फोन यायचा, "झाडाला पाणी दिलं का?" अण्णांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणायचे, "पाण्याचे नियोजन करण्यात आलेले आहे." सिस्टर नातवाच्या गडबडीत, त्यांनी पुढं विचारलं नाही.

आता, नामदेवरावांची बाग काळ्या जमिनीत, मुळं खोल गेलेली. ही बिचारी कुंडी. महिना कसला, थोड्याच दिवसांत झाडाची पानं गुंडाळली, मग पिवळी झाली, मग ओट्यावर पाचोळा. अण्णा रोज झाडून काढायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हटलं, पाणी घाला. ते म्हणाले, "नामदेवला विचारतो." नामदेवराव फोनवर म्हणाले, "बराबर चाललंय. हात लावू नको." मग फळं सुरकुतली. अण्णांचं जेवण कमी झालं. एका सकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच साध्या माणसासारखं बोलले. "अहो, ते झाड गेलं हो. तिला मी काय सांगू?"

सांगायची वेळ आली नाही. सिस्टर ठरल्यापेक्षा आधीच आल्या. रिक्षातून उतरल्या आणि समोर झाडाचा खराटा. आम्ही सगळे दारांच्या आड. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, झाडाजवळ बसल्या, आणि नखानं सालीवर एक बारीक ओरखडा काढला. आत हिरवं दिसलं.

"हाय," त्या म्हणाल्या. "धुगधुगी हाय."

मग अण्णांकडे वळल्या. "नामदेवभाऊजी आल्ते ना?"

अण्णांनी मान हलवली. उपाशी पेशंटला एकदम भरपेट देत नाहीत, असं म्हणत सिस्टरनी वाटीनं पाणी घालायला सुरुवात केली. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. कुंडी सावलीत हवी म्हणून आम्ही चौघांनी ती ढकलली. सिस्टरनी साडीच्या फडक्यानं बुंधा गुंडाळला. आणि नामदेवरावांचा फोन आला की अण्णांना सांगायच्या, "म्हणावं सिस्टर ड्युटीवर हायेत."

शिमग्याच्या आसपास एका सकाळी ओट्यावरून असा वास आला की मी दाढी अर्धी टाकून बाहेर आलो. झाडाला पान कमी आणि फूल जास्त अशी अवस्था. पांढरीशुभ्र बारीक फुलं, फांदीफांदीला. स्टेशनकडे जाणारी माणसं वाकडी वाट करून आमच्या गल्लीतून जायला लागली.

नामदेवराव बातमी ऐकून आले. झाडासमोर उकिडवे बसले, बराच वेळ नुसते हुंगत राहिले आणि म्हणाले, "ताण लागला."

"पाणी लागलं," सिस्टर म्हणाल्या.

"ताणाबिगर पाणी लागत न्हाई वैनी."

"पाण्याबिगर ताण दिल्ता त्याचा खराटा बघितला म्या."

हे भांडण पुढं वर्षानुवर्षं चाललं. दोघांनाही ते संपवायचं नव्हतं. नामदेवराव बागेचं काम टाकून यायचे, कुंडीत बोट घालायचे, "जास्ती हाय" म्हणायचे, सिस्टर "कमी हाय" म्हणायच्या, सरबत व्हायचं, नामदेवराव तोंड वाकडं करून दोन ग्लास प्यायचे आणि पुढच्या खेपेला यायचं कबूल करून जायचे.

मग सिस्टर पडल्या. झाडाला पाणी घालून उतरताना ओट्याच्या ओल्या पायरीवरून पाय सरकला. आम्ही धावलो. त्या जमिनीवर पडल्या पडल्या आम्हाला सांगत होत्या, "उचलू नका. खुब्याचं हाड हाय. पाय बघा, आखूड दिसतोय ना? बाहेर वळलाय ना? मंग तेच. चादर आणा, चौघं चार कोपऱ्याला." अण्णांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण ज्या गळ्यानं अख्खा जन्म गाड्या पुकारल्या त्यातून आवाजच निघेना. सिस्टरनी हात लांब करून त्यांच्याकडून फोन घेतला आणि स्वतःच पत्ता सांगितला. मग तोच हात अण्णांच्या मनगटावर ठेवला. आम्हाला वाटलं धीर देतायत. त्या नाडी बघत होत्या. "यांना आधी साखरपाणी द्या," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. वॉकर आला. पुण्याहून मुलगा आला आणि यावेळी त्यानं ऐकलं नाही. दोघांनी पुण्याला यायचं, कायमचं. सिस्टरनी फार वाद घातला नाही, हेच आम्हाला नवल वाटलं. मुलाचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, बाल्कनीला जाळी, ऊन नाही. झाड तिथं जगणार नाही हे त्यांनी मुलाला दोन प्रश्न विचारून ठरवलं.

मग झाड कुणाला द्यायचं हा प्रश्न आला. गल्लीतले सगळे तयार होते. मीही होतो. सिस्टरनी वॉकर धरून एकेकाला ओट्यावर बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा विचारलं, "पान पिवळं पडलं तर काय कराल?"

"तुम्हाला फोन करीन," मी म्हणालो.

"नापास," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनी नामदेवरावांना बोलावणं धाडलं. मला राहवलं नाही. म्हटलं, सिस्टर, ज्यानं झाड मारायला काढलं होतं त्यालाच?

"तुमी सगळे मला हो सिस्टर, हो सिस्टर म्हणता," त्या म्हणाल्या. "हो म्हणणारा माणूस आठ दिवसांत इसरतो. ह्यो वाद घालतो. वाद घालायचा म्हणलं तर रोज झाडाकडं बघावं लागतं."

नामदेवराव पिकअप घेऊन आले. सिस्टरनी त्यांना समोर उभं करून वॉर्डाचा चार्ज देतात तसा चार्ज दिला. उन्हाळ्यात काय, झडीत काय, थंडीत काय. बुंध्यावर पाणी नाही. ताण बिलकुल नाही. आणि कुंडीतून काढायचं नाही, मुळं दुखवलेली तिला चालत नाहीत. झाड केव्हा 'ती' झालं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. धिप्पाड नामदेवराव हात मागं बांधून मान खाली घालून ऐकत होते. एकदाही त्यांनी ताण हा शब्द काढला नाही. "बरं वैनी," म्हणाले. "जसं तुमी म्हणाल."

"बघा," सिस्टर म्हणाल्या, "तुमी पण लागलात हो म्हणायला." आणि आत निघून गेल्या. पिकअप गेली तेव्हा दारात अण्णाच उभे होते. काहीतरी पुकारावं म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि राहू दिलं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं कामानिमित्त मी अंबडच्या पुढं गेलो होतो, येताना वडीगोद्रीला उतरलो. नामदेवरावांचं घर बागेतच. अंगणात शिरलो आणि बघतच राहिलो. सिस्टरचं संत्रं माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. कुंडी नव्हती. झाड सरळ जमिनीत लावलेलं, भोवती मोठं आळं, आळ्यात ठिबकची नळी.

"कुंडीत गुदमरत व्हतं," नामदेवराव खालच्या आवाजात म्हणाले. त्यांना खालचा आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. "वैनीला बोलू नका. कुंडीतून काढणार न्हाई असा म्या शब्द दिल्ता."

एवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी स्क्रीन बघितली आणि धावत गोठ्यात गेले. बाहेर आले ते सिमेंटच्या कुंडीची वरची अर्धी कड घेऊन. झाड काढताना कुंडी फुटली होती, तिचा पुढचा भाग त्यांनी जपून ठेवला होता. त्यावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, पुसून तो बुंध्यासमोर टेकवून उभा केला, हात कोरडे केले आणि मग फोन उचलला.

"झालं पाणी?" सिस्टरचा आवाज. स्क्रीनवर एक कपाळ आणि एक डोळा.

"आत्ताच दिलं वैनी. मगानं. कडेकडेनं."

"खाली दाखवा. बुंध्याकडं."

नामदेवरावांनी मोबाईल अशा बेतानं खाली नेला की कुंडीची कड दिसावी आणि त्यापलीकडचं काही दिसू नये. हात सराईत होता. मग मी आल्याचं सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चहाचं सांगायला आत गेले.

सिस्टरनी आधी माझा चेहरा निरखला. "डोळ्याखाली सूज हाय. मीठ कमी करा." मग विचारलं, "भाऊजी आत गेले का?"

"गेले."

"कुंडी फोडून जमिनीत लावलंय ना त्यांनी?"

मी घराच्या दाराकडे बघितलं.

"मला येडी समजतात. कुंडीतल्या झाडाला असले फुटवे येत्यात व्हय? लई दिवसांपासून कळलंय मला."

"मग बोलला का नाहीत?"

डोळा जरा बाजूला झाला. मागं अण्णा कुणाला तरी सांगत होते की जेवणाची वेळ झालेली आहे.

"आवो," सिस्टर म्हणाल्या, "रोज फोनच्या आधी ते ती कड धुऊन पुसून ठेवत्यात. दिसतं ना मला, ओली असती. करू द्या. तुमी सांगू नका."

नामदेवराव चहा घेऊन बाहेर येताना दिसले. सिस्टरनी आवाज चढवला.

"आणि त्यांना म्हणावं, पाणी जास्ती होऊन राह्यलंय."